रुंद होत गेलेला भांग

माझं डोकं वरून कसं दिसतं हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानात मुलांना भारताच्या नकाशाच्या आकारात बसवलं होतं आणि आमच्या एका गुरुजींनी स्लॅबवर चढून मोबाईलवर फोटो काढले. मी त्या वेळी नकाशाच्या मधोमध वाकून पहिलीतल्या मुलीची चप्पल शोधत होते. संध्याकाळी फोटो ग्रुपवर आले. मुलं ओळखू येतात का बघायला मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, तर मध्ये एका बाईच्या डोक्यावर पांढरट पट्टा. कपाळापासून टाळूपर्यंत. साडीवरून कळलं, ती मी.

राहायला मी किकवीला, सासरी. शाळा मार्गासनीच्या पुढं. नवरा शिरवळला एका कंपनीत जातो, मी स्कूटीवरून नसरापूरमार्गे शाळेत. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती चार महिन्यांची असताना माझे केस मुठीमुठीनं गेले होते, पण ते बाळंतपणाचं होतं. वर्षभरात सगळे परत आले. त्यामुळं या खेपेला केस गळायला लागले तेव्हाही मी परत येतील म्हणून बसले होते. किती दिवस बसले होते ते आठवायला लागले, तर तीन वर्षं निघाली.

नवऱ्याला फोटो दाखवला. त्यानं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मला तर काही दिसत नाही."

"समोरून नाही दिसत. वरून बघा."

त्यानं उभं राहून वरून बघितलं आणि जरा वेळानं म्हणाला, "ऊन पडलं असेल फोटोत." त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून तो उन्हावर आला.

आमच्या गावात केसांवर भांडी देणाऱ्या बाया येतात. विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका पिशवीत साठवून ठेवतात, त्या ते तोलून घेतात आणि बदल्यात एखादं पातेलं, डबा देतात. त्यांतली एक बाई माझ्या लग्नापासून येते. त्याच महिन्यात ती आली. माझी पिशवी तिनं उघडली, मूठभर गुंतवळ बाहेर काढलं, त्यातला एक केस ओढून उजेडात धरला. मग दुसरा.

"बाई, ह्ये तुमचंच हाईत का पोरीचं?"

"माझेच. का?"

"पयलं तुमचं क्यास लांब, जाड असायचं. आता आखूड यायला लागल्यात, आन् बारीक. बगा की. ह्यो तुटल्याला न्हाई, बुडातनं आलाय, पन वाढलाच न्हाई." तिनं केस परत पिशवीत टाकले आणि मला डबा दिला. पिशवी आधीपेक्षा जड होती, म्हणून डबाही आधीपेक्षा मोठा मिळाला.

एकदा बाहेर पडल्यावर ही गोष्ट सगळ्यांची झाली. सासूबाई म्हणाल्या, हेल्मेटमुळं. डोकं घामानं शिजतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, बोअरचं पाणी. विहिरीचं होतं तोवर कुणाचे केस गेले नाहीत. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, टेन्शन. प्रत्येकीचं म्हणणं खरं वाटायचं, कारण हेल्मेट मी घालतच होते, पाणी बोअरचंच होतं आणि टेन्शन तर होतंच. सासूबाईंनी मनापासून केलं. रविवारी कांदे किसून, फडक्यातून पिळून, स्वतःच्या हातानं माझ्या भांगात रस चोळायच्या. डोळ्यांना धारा त्यांनाही लागायच्या आणि मलाही. सोमवारी वर्गात दुसऱ्या रांगेतला एकजण विचारायचा, "बाई, आज डब्यात पिठलं-कांदा का?" दोन महिन्यांनी मी कांदा बंद केला. मग जास्वंदीचं तेल. मग मॅडमनी मोबाईलवरून मागवलेलं काळ्या बाटलीतलं तेल, ज्याच्या बाटलीवरच्या बाईला केसांची काहीच गरज नव्हती. मग केसांच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या. भांग तसाच. तसाच म्हणजे, थोडा आणखी रुंद.

मी भांग बाजूला पाडून बघितला. दोन-चार महिने बरं दिसलं. नंतर त्या बाजूलाही त्वचा दिसायला लागली. मग काजळाच्या पेन्सिलीनं भांगाच्या कडा काळ्या करायला लागले. स्कूटीवरून शाळेत पोचेपर्यंत ते हेल्मेटच्या आतल्या कापडाला लागलेलं असायचं.

भोरला आमच्या नेहमीच्या डॉक्टर आहेत. मुलीच्या खोकल्याला गेले होते, जाता जाता स्वतःचंही सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला लावलं. थायरॉईड ठीक निघालं. पाळी वेळेवर येते का, चेहऱ्यावर केस वाढलेत का, नुकताच मोठा ताप आला होता का, असं सगळं विचारलं. रक्त थोडं कमी होतं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी रक्त भरून आलं. मला जिना चढताना दम लागायचा, तो थांबला. केस मात्र आपल्या वाटेनं जात राहिले. मग त्यांनीच पुण्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाल्या, "तेल बंद कर आता. किती दिवस चोळणार?"

पुण्याच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या असाव्यात. त्यांनी माझ्या डोक्यावर एक भिंग ठेवलं. त्याची वायर कॉम्प्युटरला होती आणि पडद्यावर माझ्या टाळूची त्वचा दिसायला लागली, शेत कापल्यावर धसकटं दिसतात तशी. त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं.

"हा जाड केस. हा शेजारचा बघा, अर्धा जाड. आणि ही नुसती लव. तिन्ही एकाच ठिकाणी आहेत. सगळे सारखे असायला हवे होते."

मी त्यांना भांडीवाल्या बाईचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "बरोबर सांगितलं तिनं," म्हणाल्या. मग त्यांनी सावकाश समजावलं. केस काही वर्षं वाढतो, मग गळतो आणि त्याच मुळातून दुसरा येतो, हे सगळ्यांचंच असतं. काहींच्या माथ्यावरची मुळं मात्र शरीरातल्या हार्मोन्सना जास्त नाजूक असतात, आणि हा नाजूकपणा बहुतेक घराण्यातून येतो, आईकडून किंवा वडिलांकडून, कधी दोघांकडून. अशा मुळातून दर खेपेला येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो, कमी दिवस वाढतो आणि लवकर गळतो. पुरुषांचं कपाळ मागं सरकतं, टाळू उघडी पडते. बायकांची पुढची रेघ बहुतेक टिकते आणि भांग रुंद होत जातो. बाळंतपणानंतरचे गळतात ते वेगळं, त्यात मूळ धड असतं, म्हणून ते परत येतात.

"म्हणजे हेल्मेटनं नाही?"

"हेल्मेट घाला."

"पाणी?"

"पाण्यानं केस कोरडे होतील, तुटतील एखाद वेळी. मूळ बारीक होत नाही."

मी टेन्शनचं विचारलं नाही. त्यांनी कागद पुढं ओढला. "घरात कुणाला टक्कल आहे?"

"वडिलांना. आजोबांनाही होतं."

"आणि बायकांमध्ये? आई?"

"आईचे केस चांगले होते शेवटपर्यंत."

"मावशी, आत्या, आजी?"

मी नाही म्हणणार होते, पण माझ्या लक्षात आलं की आत्याचं डोकं मी कधी पाहिलेलंच नाही. तिच्या डोक्यावरचा पदर मी माझ्या आठवणीत कधी खाली पडलेला बघितला नव्हता. तसं मी सांगितलं. डॉक्टरांनी कागदावर प्रश्नचिन्ह काढलं.

औषध मिनॉक्सिडिलचं होतं. ते रोज, कोरड्या डोक्यावर, भांग पाडून थेट त्वचेला लावायचं. त्यांनी मला चार गोष्टी परत म्हणून दाखवायला लावल्या, मी मुलांना लावते तशा. सुरुवातीचे काही आठवडे केस जास्त गळतील, तेव्हा घाबरून थांबायचं नाही. चार-सहा महिने काही दिसणार नाही. दुसरं मूल हवं असेल तर आधी येऊन सांगायचं, तेव्हा हे औषध चालत नाही. आणि औषध सोडलं, तर त्यानं टिकवलेले केसही हळूहळू जातील.

"म्हणजे कायमचं?"

"चष्म्यासारखं समजा," त्या म्हणाल्या.

मी चार गोष्टी नीट म्हणून दाखवल्या आणि पहिलीच पाळली नाही. तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचं भेंडोळं अडकून पाणी तुंबायला लागलं. सासूबाईंनी ते काढून न बोलता बाहेर टाकलं, आणि त्यांचं ते न बोलणं मला सहन झालं नाही. मी बाटली कपाटात साड्यांच्या मागं ठेवून दिली. डॉक्टरांना फोन केला असता तर त्यांनी तेच परत सांगितलं असतं. म्हणून केला नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत भोरहून वडिलांचा फोन आला. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला हिर्डोशीजवळच्या एका वाडीत दिलेली आहे. भातकापणीत बांधावरून पाय घसरून तिचा उजवा हात मोडला होता आणि प्लास्टर घालून तीन आठवडे झाले होते.

"ती डोकं धुऊ देत नाही कुणाला," वडील म्हणाले. "सुनेला जवळ येऊ देईना. डोकं खाजतंय म्हणून रडली म्हणं काल. तू जाऊन ये."

"मी कशाला? सून आहे की."

"तिनं तुझं नाव घेतलं," वडील म्हणाले. त्यांना यापलीकडं काही माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

भोरहून सकाळची एसटी धरली. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी दोन तास जाते, पुढं वाडीपर्यंत चालत. आत्या पडवीत बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर. पदर कपाळापर्यंत. सुनेनं चुलीवर पाणी तापवून ठेवलं होतं. ती बादली घेऊन मागं आली, तर आत्या म्हणाली, "तू जा रानात. हितं काय काम न्हाई तुजं." सून माझ्याकडं बघून गेली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, सवय होती.

घरामागं धुण्याचा दगड आहे, त्यावर आत्या बसली. मी पदर काढायला हात पुढं केला, तर तिनं डाव्या हातानं तो धरून ठेवला.

"आधी सांगते. तू माज्या माह्यारची, म्हून तुला बलिवलं. कुनाला सांगू नगंस."

"नाही सांगत."

तिनं हात सोडला. पुढं कपाळावर केसांची बारीक झालर होती, पदराच्या कडेतून दिसणारी, तेवढीच मी आजवर पाहिली होती. त्यामागं काही नव्हतं. म्हणजे होतं, नुसती लव, तिच्यातून त्वचा लख्ख दिसत होती. मानेपाशी उरलेल्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा तिनं काळ्या दोऱ्यानं बांधला होता. मी पाणी घातलं. शिकेकाई तिच्या हाताखालीच ठेवलेली होती. मी लावायला लागले. ती मान खाली घालून बोलायला लागली, मी विचारलं नव्हतं तरी.

"दुसरं पोर झालं त्याच्या पुढल्या सालापासनं जायला लागलं. माजी येनी कमरंखाली हुती, तुझ्या बापाला इचार. सासूनं एक दिस बगितलं आन् नेलं मला वरल्या वाडीच्या देवऋषाकडं. त्यो म्हनला, हिनं आवसंला डोस्कं धुतलंय, देवीचा कोप हाय."

"मग?"

"मंग काय? धुतलं हुतं की म्या. खोटं कसं म्हनू? मळनीचा दिस हुता, समदं तूस डोस्क्यात. कुठं आवस-पुनव बगनार? त्यानं मंगळवार धराया सांगितलं, तवापासनं धरलाय. चाळीस वर्सं झाली असतील. क्यास काय आलं न्हाईत."

मी पाणी घालत राहिले. शिकेकाईचा चोथा निघायला वेळ लागतो, पण इथं काहीच अडकत नव्हतं.

"ल्योकांच्या लग्नात म्या हळद न्हाई लावली," ती म्हणाली. "जावंनं लावली. सासू म्हनली, हिच्यावर कोप हाय, हिचा हात नगं. म्याबी म्हनलं, नगं बाबा, पोरांना कशाला लागाया पायजे."

हे मला माहीत होतं. म्हणजे त्या लग्नांना मी होते. हळदीच्या वेळी आत्या चुलीपाशी असायची आणि आम्ही म्हणायचो, आत्याला कामाची फार हौस.

मी तिचं डोकं टॉवेलनं पुसलं, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मान वाकवून माझा भांग तिच्या गुडघ्यापाशी नेला. ती आधी बघतच राहिली. मग डाव्या हाताचं बोट कपाळापासून मागं फिरवत नेलं, अगदी हळू.

"तुलाबी?" ती म्हणाली, आणि लगेच, "माजं तुला लागलं व्हय गं?"

"लागत नाही आत्या हे. कोपही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. घराण्यातून येतं. आजोबांना टक्कल होतं ना? बाबांना आहे. तेच तुला आलं आणि मला आलं. बायकांचं असं दिसतं आणि पुरुषांचं तसं, एवढंच."

"अमावास्येचं काय?"

हे तिनं मुद्दाम शुद्ध म्हटलं, शाळेतल्या बाईला विचारावं तसं.

"अमावास्येचा काही संबंध नाही."

ती अंगणाकडं बघत राहिली. अंगणात भाताचे भारे रचून ठेवले होते, कोंबड्या त्यात शिरत होत्या, पण तिनं त्यांना हाकललं नाही.

"तुज्या बापाचं पंचविसाव्या वर्सी डोस्कं चकाकाया लागलं," ती शेवटी म्हणाली. "लग्नात फेटा बांधला, झालं. त्याला कुनी देवऋषाकडं न्हेलं न्हाई. त्यानं कुठल्या आवसंला धुतलं हुतं?"

ती चिडलेली वाटली नाही, उलट हिशोब जुळत नाही तेव्हा माणूस परत पहिल्यापासून बघतो तशी दिसत होती. मग तिनं विचारलं, "मंग मंगळवारचं काय करू आता?"

"तुझी मर्जी. केसांसाठी धरायची गरज नाही."

"केसांसाठी न्हाई, व्हय." तिनं पदर डोक्यावर घेतला. ओल्या डोक्यावर तो लगेच चिकटला. "बगू."

मी दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तिनं भाकरी खाल्ली नाही, पण दुपारी ताटातला भात दोन घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. सुनेनं बघितलं.

किकवीला परत आल्यावर मी साड्यांच्या मागची बाटली काढली. यात आत्याचा वाटा किती, हे मला नीट सांगता येत नाही. कदाचित एवढंच, की मला काय झालंय हे ज्या बाईला आधी झालं होतं, तिला मी पाहिलं होतं. डॉक्टरांना फोन करून मधले दिवस चुकल्याचं सांगितलं. त्यांनी रागावणं टाळलं, पुन्हा पहिल्यापासून महिने मोजायला सांगितले. या वेळी जाळीवरचे केस मी स्वतः काढत होते, सासूबाई उठायच्या आत. पाचव्या महिन्यात गळणं कमी झालं. आठव्या महिन्यात पुण्याला भिंगाखाली पुन्हा फोटो काढला, तेव्हा पूर्वीच्या लवेतले काही केस जाड झालेले दिसले. सगळे नाहीत. काही जागा तशाच होत्या. "हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पूर्वीसारखं होणार नाही, हे मी आधीच सांगितलं होतं." सांगितलं होतं. भांगात मी आता पेन्सिल लावत नाही. वरून फोटो काढला तर पट्टा दिसतो, अरुंद.

आत्यासाठीही विचारलं. इतक्या वर्षांनी आणि या वयात फारसा उपयोग नाही, शिवाय तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, द्यायचं तर आधी तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मी आत्याला तसं कळवलं. ती म्हणाली, "मला नगं बाई औशिद. आता कुनाला दाखवायचंय? तू लावतीस न्हवं? लाव."

मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते तिनंच. उन्हाळ्यात सुनेचा फोन आला. ती मला वन्सं म्हणते. आधी पोराबाळांची चौकशी झाली, पाण्याच्या टँकरची झाली.

"वन्सं, आत्याबाईंनी मला डोस्कं धुवायला बसवलं," ती म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात. "तिकडनं तुमच्या माहेराकडनं आलंय म्हनत्यात. डागदर म्हनला म्हनं. खरं हाय का?"

"खरं आहे."

मागं तिच्या दोघी मुली भांडत होत्या, थोरली जूनपासून दहावीला जाणारी, धाकटी सातवीला. दोघींच्या वेण्या मी दिवाळीत घातल्या होत्या. दोघींचे केस जाड आहेत.

"मंग आमच्या पोरींना येनार का हो?" तिनं विचारलं. "आत्तापतुर म्या म्हनायचे, देवाचं हाय, देवापाशी. आता ह्ये घरातलंच निगालं."

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. येईल किंवा येणार नाही, कुणाला येईल हे आधी सांगता येत नाही. भांग रुंद दिसायला लागला तर वाट बघत बसू नका, लवकर दाखवा. लवकर दाखवलं तर बरंच टिकतं. तिनं डॉक्टरांचा पत्ता मागितला. मी तो हळूहळू सांगितला. ती लिहून घेत होती, पेन नीट चालत नसावं, कारण एकेक शब्द ती दोनदा विचारत होती.

"त्यांना सांगू का आत्ताच?" तिनं शेवटी विचारलं. "का ऱ्हाऊ द्यावं?"

माझी मुलगी माझ्याच मागं पलंगावर बसून आरशात बघत स्वतःची वेणी घालत होती आणि तिला मीही अजून सांगितलेलं नव्हतं. "दहावीचं वर्ष संपू दे," मी म्हणाले. ती बरं म्हणाली.